गॅस आला, मग बंब गेला का?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की एक अडचण जवळजवळ सगळ्यांना येते. विषय हातात असतो, पण प्रश्न सापडत नाही. "ग्रामीण भागातील स्वच्छ इंधनाचा वापर : एक अभ्यास" हे शीर्षक ऐकायला बरं वाटतं, पण त्यात नेमकं काय शोधायचंय ते कुणालाच कळत नाही. म्हणून आज एक साधा विषय घेऊ आणि त्यातून मोजता येईल असा प्रश्न कसा निघतो ते पाहू. विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे : अंघोळीचं पाणी.

थंड देशांत "घर तापवणं" म्हणजे खोली तापवणं. तिथे लाकडाची शेकोटी काढून गॅसवर जायचं का, याचा हिशोब लोक हिवाळ्याआधी मांडतात. आपल्याकडे मराठवाड्यात खोली तापवायची वेळ क्वचितच येते. आपल्या घरात स्वयंपाकाखालोखाल उष्णता लागते ती अंघोळीच्या पाण्याला. त्यामुळे लाकडाकडून गॅसकडे जाण्याचा प्रश्न आपल्याकडे दोन जागी उभा राहतो : चुलीपाशी आणि बंबापाशी. चुलीवर भरपूर संशोधन झालंय. बंबाकडे फार कमी लोकांनी पाहिलंय.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे सुरू झाली. 8 कोटी जोडण्यांचं लक्ष्य मार्च 2020 पर्यंतचं होतं. 8 कोटीवी जोडणी त्याआधीच, 7 सप्टेंबर 2019 रोजी, आपल्याच शहरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. म्हणजे या योजनेच्या इतिहासात आपल्या गावाचं नाव कायमचं लागलेलं आहे.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबं 2015-16 मध्ये देशात 43.8 टक्के होती. 2019-21 च्या फेरीत ती 58.6 टक्के झाली. वाढ मोठी आहे आणि खरी आहे.

पण हा आकडा कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातून आला? घरात स्वयंपाकासाठी मुख्यतः कोणतं इंधन वापरता, असा तो प्रश्न आहे. त्यातले दोन शब्द अधोरेखित करा. पहिला "मुख्यतः". चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी चुलीवर होणारं घर "गॅस" या एकाच रकान्यात जातं. दुसरा "स्वयंपाकासाठी". अंगणातल्या बंबात रोज सकाळी जळणारं सरपण या प्रश्नात येतच नाही.

यात सर्वेक्षण करणाऱ्यांची चूक नाही. लाखो घरांना विचारायचा प्रश्न छोटाच असावा लागतो. पण तो आकडा वापरून आपण "इतक्या टक्के घरांतून धूर गेला" असं वाक्य लिहिलं, तर आकड्यात नसलेली गोष्ट आपण त्याच्या तोंडी घातली. प्रपोजल वाचणारे गाईड नेमकं इथेच बोट ठेवतात.

बंब कसा काम करतो

शहरात वाढलेल्यांसाठी थोडं वर्णन. बंब म्हणजे तांब्याचं उभं, गोल भांडं. मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळी असते. खाली जाळी, जाळीवर विस्तव, आणि नळीभोवती पाणी. वरून नळीत सरपण टाकायचं, राख जाळीतून खाली पडते. वरच्या तोंडातून गार पाणी ओतायचं आणि बाजूच्या तोटीतून गरम काढायचं.

तीन दगडांवरच्या हंड्यात जाळ फक्त बुडाला लागतो आणि बराचसा बाजूने निघून जातो. बंबात जाळ पाण्याच्या पोटातून जातो, त्यामुळे धातूचा जास्त पृष्ठभाग गरम होतो आणि तांबं ती उष्णता चटकन पाण्याला देतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत ही अग्निनलिका बॉयलरची घरगुती आवृत्ती आहे.

दुसरा गुण असा की बंब काहीही खातो. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीच्या फांद्या, जुनं फळकूट. आपल्या जिल्ह्यात कापूस निघाला की पऱ्हाटीचे ढीग लागतात. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडायचा म्हणून कृषी विभाग पऱ्हाटी शेताजवळ साठवू नका असं सांगतो, आणि घरात मात्र तीच वर्षभराचं इंधन असते. एका घराच्या इंधनाचा प्रश्न पीक संरक्षणाशी असा जोडलेला आहे.

आता गणित

इथे वही काढा. मी गृहीतकं सांगतो. ती पटली नाहीत तर बदला, पण बदललेली लिहून ठेवा.

एका माणसाला 15 लिटर पाणी. हिवाळ्यात टाकीतलं पाणी 22 अंश सेल्सिअस धरू, अंघोळीला 40 अंश हवं. फरक 18 अंश. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.19 किलोज्यूल लागतात. म्हणून

15 × 4.19 × 18 = सुमारे 1,130 किलोज्यूल, म्हणजे 1.13 मेगाज्यूल.

ही पाण्यात जायला हवी ती उष्णता. कडकडीत पाणी काढून त्यात गार मिसळलं तरी हिशोब हाच राहतो.

आता इंधन. एलपीजीच्या एका किलोत साधारण 46 मेगाज्यूल ऊर्जा असते. प्रमाणित शेगडीची कार्यक्षमता प्रयोगशाळेत किमान 68 टक्के असावी लागते. घरात वारा असतो, पातेल्यावर झाकण नसतं, म्हणून 60 टक्के धरू. मग एका किलोतून पाण्यात 27.6 मेगाज्यूल जातील. एका बादलीला गॅस लागेल 1.13 ÷ 27.6, म्हणजे सुमारे 41 ग्रॅम.

घरात पाच माणसं असतील तर रोज 205 ग्रॅम. 14.2 किलोचा सिलिंडर फक्त अंघोळीवर 69 दिवसांत संपेल. मराठवाड्यात उन्हाळ्यात गरम पाणी लागत नाही, म्हणून वर्षातले आठच महिने, 240 दिवस, धरा. एकूण 49 किलो गॅस, म्हणजे जवळपास साडेतीन सिलिंडर.

हा आकडा एकटा काही बोलत नाही. त्याच्या शेजारी दुसरा ठेवा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2019 च्या अहवालात, 31 डिसेंबर 2018 पर्यंत वर्ष पूर्ण झालेल्या 3.18 कोटी उज्ज्वला लाभार्थ्यांचं वार्षिक सरासरी रिफिल आलं 3.21. पुढे ही सरासरी वाढली, 2023-24 मध्ये ती 4 च्या आसपास पोचली.

दोन्ही आकडे पुन्हा वाचा. पाच माणसांच्या घराने अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं ठरवलं, तर सरासरी उज्ज्वला कुटुंबाचा वर्षभराचा जवळजवळ सगळा गॅस तिथेच जाईल. स्वयंपाकाला फार तर अर्धा सिलिंडर उरेल.

म्हणजे अशा घरात बंब चालू असणं हे अज्ञान, आळस किंवा जुनाटपणा यांचं लक्षण मानायचं कारण नाही. घरातली बाई मर्यादित गॅस नेमका जिथे जास्त उपयोगाचा आहे तिथे, म्हणजे सकाळचा घाईचा चहा, डबा, बाळाचं दूध यांसाठी राखून ठेवते. पाणी तापवायचं काम सरपणावर सोपवते, कारण पाण्याला चव नसते आणि घाईही कमी असते. "जनजागृती व्हायला हवी" हे वाक्य निष्कर्षात लिहिण्याआधी हे गणित एकदा करून बघा.

आता शंका घ्या. रोज सगळे गरम पाण्याने अंघोळ करतात का? नसतील करत. चारच महिने धरा : 120 दिवस, 600 बादल्या, 24.6 किलो, पावणेदोन सिलिंडर. तरी 3.21 च्या निम्म्याहून जास्त. गृहीतक बरंच ढिलं केलं तरी मुद्दा टिकतो. याला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात, आणि ते करायला सॉफ्टवेअर लागत नाही.

पैशांत बघायचं तर सिलिंडर 900 रुपयांचा धरा. एक बादली सुमारे 2 रुपये 60 पैसे, पाच बादल्या रोजचे 13 रुपये. ऑक्टोबर 2023 पासून उज्ज्वला ग्राहकांना सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान आहे, ते वजा केलं तर रोजचे साडेआठ-नऊ रुपये. बांधावरच्या पऱ्हाटीला मात्र रोख पैसे लागत नाहीत. तिची किंमत वेळेत आणि पाठीच्या कण्यात मोजली जाते, बहुतेक वेळा बाईच्या.

शिडी की रचाई?

पूर्वी अभ्यासक "ऊर्जा शिडी" ची कल्पना वापरत. उत्पन्न वाढलं की घर गोवऱ्यांवरून लाकडावर, लाकडावरून रॉकेलवर, तिथून गॅसवर चढतं, आणि खालची पायरी सुटते. 2000 साली मसेरा, साटकॅम्प आणि कॅमेन यांनी मेक्सिकोतल्या गावांच्या आधारे दाखवलं की घरं पायऱ्या सोडत नाहीत, नवं इंधन जुन्याच्या जोडीला ठेवतात. याला इंधनांची रचाई म्हणू. आपलं बंबाचं गणित त्या रचाईचं एक कारण आकड्यांत दाखवतं : वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी उष्णता लागते, आणि घर कामानुसार इंधन निवडतं.

म्हणून आपला प्रश्न "गॅस आहे का?" असा ठेवून चालणार नाही. तो असा हवा : कोणतं काम, कोणत्या ऋतूत, कशावर होतं?

गॅस गिझर : स्वच्छ, पण अटींवर

शहरात बंबाची जागा बऱ्याच घरांत गॅस गिझरने घेतली. त्याची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर बादलीला 41 ऐवजी 31 ग्रॅम गॅस पुरतो. मग सगळेच गिझर का घेत नाहीत? पहिलं कारण पाणी. गिझर पेटायला नळाला दाब लागतो, म्हणजे वर टाकी हवी. बंबात घागरीने पाणी ओतता येतं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि ज्या गावात ते डोक्यावरून येतं, तिथे इंधन बदलण्याआधी पाणीपुरवठा बदलावा लागतो.

दुसरी गोष्ट जिवाशी आहे, म्हणून नीट वाचा. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. मिनिटाला 6 लिटर पाणी 20 अंशांनी तापवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण 135 ते 140 ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे पावणेदोन घनमीटर हवा. 4 फूट × 6 फूट × 8 फूट बाथरूममध्ये एकूण हवा साडेपाच घनमीटरच्या आत असते. गिझर आतच बसवलेला असेल, दार-खिडकी बंद असेल आणि घरातले तिघे एकामागून एक अंघोळीला गेले, तर खोलीतली एक तृतीयांश हवा ज्योतीतून गेलेली असते. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, गरगरतं, आणि माणूस कडी उघडण्याआधी कोसळतो. भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा मृत्यूंच्या नोंदी आहेत.

सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला तीही सोय नाही. म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. "स्वच्छ इंधन" हा गुण इंधन, उपकरण आणि हवेची वाट या तिघांचा मिळून असतो. हॉस्टेल किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते बघून या.

धूर कमी झाला, म्हणजे तब्येत सुधारली?

इथे आणखी एक उडी सांभाळायची. ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा या चार देशांत "हॅपिन" नावाची मोठी चाचणी झाली. भारतातलं क्षेत्र तमिळनाडूत होतं. सुमारे 3,200 गर्भवती स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला शेगडी आणि गॅस फुकट, दुसरा गट नेहमीच्या चुलीवर. 2022 मध्ये निकाल आला. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांशी स्त्रियांचा संपर्क गॅस गटात घनमीटरमागे सुमारे 24 मायक्रोग्रॅम, चूल गटात सुमारे 71. फरक प्रचंड. पण बाळांचं सरासरी वजन 2,921 ग्रॅम विरुद्ध 2,898 ग्रॅम, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नाही. अर्थ इतकाच की साखळीची प्रत्येक कडी वेगळी मोजावी लागते : जोडणी, वापर, धूर, शरीरात गेलेला धूर, परिणाम. पहिली कडी मोजून शेवटचा निष्कर्ष लिहिता येत नाही.

बंबाबाबत तर हे आणखी महत्त्वाचं. बंब बहुधा अंगणात असतो, त्यामुळे चुलीइतका धूर घरात कोंडत नाही. दुसरीकडे तो हिवाळ्यात पहाटे पेटतो, जेव्हा जमिनीलगतची हवा गार असते, तिच्यावर उबदार थर असतो आणि धूर वर न जाता गल्लीतच पसरून राहतो. मग बंबाचा धूर कुणाला जास्त लागतो : पेटवणाऱ्या बाईला, की सगळ्या गल्लीला? हा प्रबंधाला पुरेल असा प्रश्न आहे.

तुम्ही काय मोजाल?

समजा पैठण किंवा सिल्लोड तालुक्यातली काही घरं घेतली. महागडी यंत्रं नसताना काय करता येईल?

1. प्रश्न कालचा विचारा. "तुम्ही काय वापरता?" म्हटलं की समोरचा आपल्याला हवंसं वाटणारं उत्तर देतो, त्यात योजनेचं नाव काढलं तर जास्तच. "काल सकाळी अंघोळीचं पाणी कशावर तापलं? कुणी तापवलं?" असं विचारा. मग चहा, भाकरी, भाजी, गुरांचं खाद्य, पाहुण्यांचा स्वयंपाक अशी कामांची यादी करून प्रत्येकापुढे इंधन लिहा.

2. सिलिंडर वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. ताणकाट्यावर सात दिवसांच्या अंतराने दोनदा वजन केलं की आठवड्याचा खप मिळतो. सरपणही तसंच : सकाळी वजन केलेला भारा ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेला मोजा.

3. तापमान नोंदवा. किर्क स्मिथ यांच्या गटाने ग्वाटेमालात चुलींवर बटणाएवढे तापमान नोंदवणारे सेन्सर लावले होते. चूल कधी पेटली ते आलेखावर दिसतं, माणसाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. बंबाला असा सेन्सर लावणं चुलीपेक्षाही सोपं आहे.

4. दोन ऋतू घ्या. फक्त मे महिन्यात गेलात तर बंब कोपऱ्यात उलटा पडलेला दिसेल आणि "बंब गेला" असं लिहून मोकळे व्हाल. डिसेंबरात परत जा.

5. संमती आणि वागणूक. नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. आणि कुणाच्या अंगणात उभं राहून धुरावर व्याख्यान देऊ नका. आपण मोजायला गेलोय.

या पाच गोष्टींतून तुमचा प्रश्न असा काहीसा होईल : "उज्ज्वला जोडणी असलेल्या घरांत हिवाळ्यात अंघोळीच्या पाण्यासाठी लाकूड आणि गॅस यांचं प्रमाण काय, आणि ते घरातली माणसं, पाण्याची सोय व पऱ्हाटीची उपलब्धता यांवर कसं अवलंबून आहे?" आता त्यात चल दिसतात, मोजमाप दिसतं, आणि उत्तर चुकीचंही निघू शकतं. सुरुवातीच्या शीर्षकात यातलं काहीच नव्हतं.

सराव म्हणून या आठवड्यात एवढं करा. स्वतःच्या घरी बादलीत किती लिटर पाणी मावतं ते मोजा, थर्मामीटरने आधीचं आणि नंतरचं तापमान घ्या, आणि वरचं गणित तुमच्या आकड्यांनी मांडा. घरी विजेचा रॉड असेल तर त्याच 1.13 मेगाज्यूलला सुमारे एक तृतीयांश युनिट वीज लागते, तीही तुलना घाला. छतावर सोलर असेल तर ढगाळ दिवशी पाणी कशावर तापतं ते लिहा. तुमचा आकडा माझ्या 41 ग्रॅमपेक्षा बराच वेगळा आला तर छान. कोणत्या गृहीतकामुळे तो बदलला ते शोधा आणि कमेंटमध्ये गृहीतकासकट टाका.